फिलिप हर्गोविचला जोड मिळेना: एका हेवीवेट एलिमिनेटरचे प्रकरण

२०२१ पासून २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत क्रोएशियाचा हेवीवेट मुष्टियोद्धा फिलिप हर्गोविच एका एलिमिनेटरची, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या लढतीची, वाट पाहत होता. तिच्यासाठी नियम होते, मान्यता देणारी संस्था होती, पैसे घालायला प्रमोटर होते आणि सामना दाखवायला वाहिनीही होती. समोर उभा राहायला तयार असलेला माणूस तेवढा मिळत नव्हता. अखेरीस तो मिळाला चीनच्या झांग झिलेईच्या रूपाने, आणि २० ऑगस्ट २०२२ रोजी सौदी अरेबियातील जेद्दा येथे लढत झाली. एवढा वेळ का लागला, नकार देणाऱ्यांचा हिशेब काय होता आणि होकार देणाऱ्याच्या पदरात काय पडले, याची मांडणी या टिपणात केली आहे.

मुष्टियुद्ध शिकवणारे काही प्रशिक्षक, तालमीतले दोघे-तिघे जुने वस्ताद आणि गावजत्रांतून कुस्त्या लावण्यात मुरलेली मंडळी असा आमचा नाशिकमधला एक छोटा अभ्यासवर्ग आहे. तिथे हे प्रकरण चर्चेला घेण्याचे कारण अगदी जवळचे होते. जिल्ह्याच्या निवड चाचणीत हलक्या वजनगटांतल्या नावांना कागद पुरत नाही, पण सर्वांत वरच्या वजनगटात बहुधा दोन नावे असतात आणि त्यांतलेही एक आयत्या वेळी गळते. उरलेला मुलगा सकाळी काट्यावर उभा राहतो, डॉक्टरांची तपासणी पार पाडतो, हातांना पट्ट्या बांधून घेतो आणि लाल कोपऱ्यातून रिंगमध्ये चढतो. निळ्या कोपऱ्याचे नाव पुकारले जाते, घंटा वाजते, ठरलेली वेळ सरते आणि पंच त्याचा हात वर करतात. टाळ्या वाजवाव्यात की नाहीत हे बाकांवर बसलेल्यांना कळत नाही. असा एकही ठोसा न मारता जिल्हा विजेता झालेला मुलगा राज्य स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत पुण्या-मुंबईच्या सरावलेल्या खेळाडूसमोर उघडा पडतो. न आलेल्या मुलाबद्दल मात्र सगळ्यांचे एकच मत असते, की तो घाबरला. हे मत किती टिकते ते तपासायला हर्गोविचचे प्रकरण फार उपयोगी आहे, कारण त्यात नकार देणारे लोक भित्रे होते असे म्हणण्याची सोयच नाही.

एलिमिनेटरची रचना

व्यावसायिक मुष्टियुद्धात डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार प्रमुख संस्था आपापले जगज्जेतेपद देतात. प्रत्येकीची मानांकन यादी वेगळी, नियम वेगळे आणि आव्हानवीर ठरवण्याची रीतही वेगळी आहे. हेवीवेट म्हणजे २०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ९०.७ किलोंच्या वरचा गट. याला वरची मर्यादा नाही. या चौघींत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मुख्यालय असलेली आयबीएफ ही नियमाला धरून चालणारी म्हणून ओळखली जाते. तिच्या यादीतली पहिली आणि दुसरी जागा कोणाला वरच्या क्रमांकावर सरकवून भरली जात नाही. ती एलिमिनेटर लढत जिंकूनच मिळवावी लागते. त्यामुळे या यादीच्या माथ्यावर कित्येक महिने नुसती रिकामी जागा छापलेली दिसते. जगज्जेत्याला साधारणपणे नऊ महिन्यांत आपल्या अनिवार्य आव्हानवीराशी लढावे लागते, आणि हा अनिवार्य आव्हानवीर अंतिम एलिमिनेटरमधून ठरतो.

कागदावर हे सगळे सरळ दिसते. उपलब्ध असलेल्या वरच्या दोघांना संस्था लढण्याचा आदेश देते, दोघांचे प्रमोटर वाटाघाटीला बसतात, ठरलेल्या मुदतीत एकमत झाले नाही तर बंद पाकिटातून बोली मागवली जाते आणि जास्त रक्कम लिहिणाऱ्याला सामना भरवण्याचा हक्क मिळतो. घोडे अडते ते त्याच्या आधीच्या पायरीवर. एलिमिनेटर लढण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. एकाने नाही म्हटले की संस्था यादीत खाली सरकते आणि पुढच्याला विचारते, तोही नाही म्हणाला तर त्याच्या पुढच्याला. विचारणा जितकी खाली जाते तितकी लढतीची शोभा कमी होते, आणि वरच्या खेळाडूची अडचण मात्र तेवढीच राहते.

आमच्या वर्गातल्या कुस्तीवाल्यांना ही रचना पहिल्यांदा विचित्र वाटली. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत जिल्ह्यांच्या चाचण्यांतून निवडलेले मल्ल येतात, गादी आणि माती अशा दोन विभागांत सोडतीप्रमाणे कुस्त्या होतात आणि दोन्ही विभागांचे विजेते अखेरीस एकमेकांसमोर येतात. जानेवारी २०२० मध्ये नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने गादी विभागात अभिजित कटकेला हरवले आणि किताबाच्या कुस्तीत लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असे नमवून नाशिकला पहिल्यांदाच ही गदा मिळवून दिली. सोडतीत जे नाव समोर आले त्याच्याशी लढायचे, नाहीतर स्पर्धेतून बाहेर पडायचे. तिसरा मार्ग तिथे नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात मात्र तिसरा मार्ग नेहमीच उघडा असतो, आणि बहुतेक शहाणे लोक तोच धरतात.

पहिला नकार आणि त्यामागचा जमाखर्च

हर्गोविच जून १९९२ मध्ये जन्मलेला, साडेसहा फूट उंच, रिओ ऑलिंपिकच्या सुपर हेवीवेट गटात कांस्यपदक मिळवलेला खेळाडू. २०१७ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि या प्रकरणातली लढत झाली तेव्हा त्याच्या नावावर १४ लढतींत १४ विजय होते, त्यांपैकी १२ मुदतीआधीच संपवलेले. लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), त्याच्या मागून येणारा वजनदार उजवा ठोसा आणि हौशी मुष्टियुद्धात मुरलेले पाय असे त्याचे भांडवल होते. तिकीट विकणारे नाव मात्र त्याच्याकडे नव्हते. क्रोएशियात तो ओळखीचा होता, पण ब्रिटन आणि अमेरिकेत, जिथे हेवीवेटचा खरा पैसा आहे, तिथल्या सामान्य प्रेक्षकाला त्याच्या नावाचा उच्चारही जमत नव्हता. ज्याच्याशी लढणे धोक्याचे आणि ज्याला हरवून फारसा गाजावाजा होणार नाही, असा खेळाडू मॅचमेकरच्या, म्हणजे लढती जुळवणाऱ्याच्या, गळ्यात घोरपड बनतो.

२०२१ मध्ये आयबीएफने अंतिम एलिमिनेटरसाठी हर्गोविचसमोर अमेरिकेच्या मायकल हंटरचे नाव काढले. हंटर या लढतीत उतरला नाही. त्याला भित्रा म्हणणे केवळ हास्यास्पद ठरेल. २०१७ मध्ये हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटात युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकसमोर तो पूर्ण १२ फेऱ्या उभा राहिला होता आणि डिसेंबर २०१९ मध्ये अलेक्झांडर पोव्हेटकिनसारख्या कसलेल्या हेवीवेटला त्याने बरोबरीत रोखले होते. हर्गोविचऐवजी त्याने डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेरी फॉरेस्टशी लढत घेतली आणि ती बरोबरीत सुटली. या फॉरेस्टचे नाव लक्षात ठेवावे, ते पुन्हा येणार आहे. हंटरनंतर विचारणा यादीत खाली सरकत गेली आणि हर्गोविच वैतागून जाहीरपणे तक्रार करू लागला की कोणी त्याच्याशी लढायलाच तयार नाही.

अशा तक्रारीने चाहत्यांची सहानुभूती मिळते, पण जोड मिळत नाही. उलट, हा माणूस इतका धोकादायक आहे की सगळे त्याला टाळतात, असे खेळाडूच्या गोटातूनच सांगितले जात असेल, तर समोरच्या गोटातला हिशेबनीस कागद बाजूला सारतो. ही प्रसिद्धीची भाषा मॅचमेकरच्या कामावर पाणी ओतणारी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

नकाराचा जमाखर्च बाहेरून मांडता येतो. जमेच्या बाजूला होती ती जगज्जेतेपदाच्या लढतीची संधी. पण ती संधी कधी येणार होती? २५ सप्टेंबर २०२१ रोजी लंडनमध्ये उसिकने ब्रिटनच्या अँथनी जोशुआकडून आयबीएफ, डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीओ हे तीन पट्टे, म्हणजे तीन संस्थांची जगज्जेतेपदे, एकत्रच जिंकले. करारात परतीच्या लढतीचे कलम होते आणि जोशुआने ते वापरले. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, उसिक मायदेशी जाऊन संरक्षण दलात दाखल झाला आणि परतीची लढत ऑगस्टपर्यंत लांबली. शिवाय तिन्ही पट्टे एकाच कमरेला असले की तिन्ही संस्थांचे अनिवार्य आव्हानवीर रांगेत उभे राहतात आणि कोणाची पाळी आधी यावर संस्थांमध्येच बोलणी होतात. म्हणजे २०२१ च्या शेवटी एलिमिनेटर जिंकणाऱ्या माणसाला तिकीट मिळत होते खरे, पण गाडी कधी सुटणार हे फलाटावर कोणीच सांगत नव्हते.

खर्चाची बाजू त्यामानाने रोखीची होती. हेवीवेटमध्ये एका ठोशाने लढत संपते, आणि पराभव नोंदीत कायमचा राहतो. वरच्या पातळीवरचा हेवीवेट वर्षाला दोन, फार तर तीन लढती घेतो. एक हरली की मानांकन घसरते, पुढच्या लढतीचा मोबदला घसरतो आणि पुन्हा त्याच पायरीवर यायला दीड-दोन वर्षे जातात. याउलट नाही म्हणण्याची किंमत अगदीच किरकोळ आहे. आयबीएफच्या रांगेत मागे राहिले तरी उरलेल्या तीन यादींत नाव शाबूत असते आणि आपल्या वाहिनीवर, आपल्या प्रमोटरच्या सोयीने, ओळखीच्या प्रतिस्पर्ध्याशी लढून पैसेही मिळतात. अशा वेळी हर्गोविचसमोर जाणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. खेळाडूला ते कळले नाही तरी त्याच्या व्यवस्थापकाला कळते, आणि व्यवस्थापकाचे कामच ते आहे.

इथे आमच्या वर्गात जोरदार वाद झाला. निफाडकडच्या जत्रांचा अनुभव असलेल्या एका वस्तादांचे म्हणणे असे, की जोड मिळत नसेल तर इनाम वाढवावे. गावची शेवटची कुस्ती लावताना यात्रा कमिटी तेच करते, आकडा वाढला की कोणीतरी पैलवान लंगोट कसतोच. त्यांचे निरीक्षण खोटे नाही, पण ते चालते त्याचे कारण वेगळे आहे. चैत्रातल्या हंगामात पैलवान एका आठवड्यात दोन-तीन गावांच्या आखाड्यांत उतरतो. आज चितपट झाला तरी परवा दुसऱ्या गावात त्याच्यासाठी हलगी वाजते आणि तिथल्या लोकांना आजचा निकाल ठाऊकही नसतो. पराभव स्वस्त आहे म्हणून तिथे इनामाने काम भागते. ज्या खेळात एक पराभव दोन वर्षांचा पडतो, तिथे थोड्याबहुत जादा रकमेने कोणी बधत नाही. आणि फारच मोठी रक्कम द्यायची तर ती वसूल कुठून करायची हा प्रमोटरपुढे प्रश्न येतो, कारण हर्गोविचच्या नावावर तेवढी तिकिटे खपत नाहीत.

पैसा असूनही जोड फिसकटते याचे आयबीएफच्याच इतिहासातले उदाहरण फार जुने नाही. बल्गेरियाचा कुब्रात पुलेव ऑक्टोबर २०१७ मध्ये कार्डिफ येथे जोशुआशी लढणार होता, पण खांद्याच्या दुखापतीमुळे त्याने माघार घेतली, त्याच्या जागी कार्लोस ताकाम आला आणि पुलेवला पुन्हा एलिमिनेटरच्या रांगेत उभे राहावे लागले. २०१८ मध्ये त्याच्यासमोर ब्रिटनच्या डिलियन व्हाइटचे नाव आले. प्रकरण बोलीपर्यंत गेले, पुलेवच्या बाजूच्या प्रमोटरने बोली जिंकली, सामना बल्गेरियात होणार असे दिसू लागले आणि व्हाइटने दुसरा रस्ता धरून त्या जुलैत लंडनमध्ये जोसेफ पार्करशी लढत घेतली. पुलेवसमोर अखेर ह्यूई फ्युरी उभा राहिला; २७ ऑक्टोबर २०१८ रोजी सोफियात पुलेव गुणांवर जिंकला. त्यानंतरही जोशुआसमोर जायला त्याला डिसेंबर २०२० उजाडला, आणि तिथे तो नवव्या फेरीत बाद झाला. बोलीत जिंकलेला प्रमोटर सामना आपल्या अंगणात नेतो, आणि परक्या अंगणात परक्या पंचांसमोर लढायचे की नाही हा विचारही नकारात भर घालतो.

होकार देणारा माणूस

झांग झिलेईचा जन्म मे १९८३ चा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो सुपर हेवीवेटच्या अंतिम फेरीत इटलीच्या रॉबर्टो कामारेलेकडून हरला आणि रौप्यपदक विजेता ठरला. २०१२ मध्ये लंडनला उपांत्यपूर्व फेरीत त्याला जोशुआने रोखले. व्यावसायिक झाला तो २०१४ मध्ये, म्हणजे एकतिसाव्या वर्षी. या लढतीच्या वेळी तो ३९ वर्षांचा होता, २४ विजय आणि एक बरोबरी अशी अपराजित नोंद असूनही मोठ्या नावांच्या यादीत त्याला कोणी धरत नव्हते. ती बरोबरी झाली होती जेरी फॉरेस्टशीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात झांगने फॉरेस्टला पहिल्या तीन फेऱ्यांत तीनदा खाली पाडले आणि मग तो स्वतःच इतका दमला की दहाव्या फेरीअखेर लढत बरोबरीत सुटली. बघणाऱ्यांनी दोन निष्कर्ष काढले: याच्या हातात विलक्षण ताकद आहे आणि याच्या छातीत दम नाही.

होकार समजून घ्यायला हे सगळे महत्त्वाचे आहे. झांगपाशी वाट पाहायला वर्षे नव्हती. हंटरला किंवा त्याच्यासारख्यांना दुसरीकडे बरे पर्याय होते, झांगला नव्हते. फॉरेस्टच्या लढतीनंतर त्याची पत अशी घसरली होती की आणखी एका पराभवाने तिचे फार नुकसान होणार नव्हते. उलट ऑलिंपिक पदकविजेत्या, अपराजित, नऊ वर्षांनी तरुण हर्गोविचशी बारा फेऱ्या नीट लढला तरी दम नसल्याचा शिक्का पुसला जाणार होता. त्यात त्याच्यासारखा साडेसहा फुटी, डावखुरा आणि एका ठोशाने लढत संपवणारा माणूस स्वतःही टाळला जाणाऱ्यांपैकीच होता. दोन टाळल्या गेलेल्यांची गाठ पडली, असे या लढतीचे वर्णन करता येईल.

एक व्यवहारी कारण याहून कमी महत्त्वाचे नाही. झांगच्या प्रमोटरांत मॅचरूम ही ब्रिटिश कंपनी होती आणि हर्गोविचच्या लढतींतही तिचा वाटा होता. दोन्ही बाजू एकाच छताखाली आणि एकाच वाहिनीवर असल्या की निम्मी भांडणे सुरूच होत नाहीत: प्रक्षेपण कोणाचे, तारीख कोणाची, मुख्य लढतीखाली जागा कोणती, हे एका टेबलावर ठरते. आव्हानवीर शोधताना खेळाडूंच्या यादीआधी प्रमोटरांची यादी उघडावी, हा धडा मी या प्रकरणातून सर्वांत वर ठेवतो. अमेरिकेत त्या काळात हेवीवेट तीन वेगवेगळ्या प्रमोटर-वाहिनी गटांत विभागलेले होते आणि एका गटातून दुसऱ्यात जायचे म्हणजे आधी दोन कंपन्यांची सोयरीक जमवावी लागे.

लढत ठरली ती ७ मे २०२२ साठी, लास वेगासमधल्या कॅनेलो अल्वारेझ आणि दिमित्री बिव्होल यांच्या सामन्याच्या कार्यक्रमात. लढतीच्या तोंडावर हर्गोविचच्या वडिलांचे निधन झाले आणि त्याने माघार घेतली. झांगने त्याच दिवशी बदली प्रतिस्पर्धी स्कॉट अलेक्झांडरला पहिल्या फेरीत झोपवले. इथे झांगच्या बाजूला निघून जाण्याची आयती सबब होती. तो गेला नाही. नवी तारीख मिळाली ती २० ऑगस्टची, जेद्दातल्या उसिक-जोशुआ परतीच्या लढतीखालची. या बदलाचा कदाचित दोघांनाही फायदाच झाला, कारण ज्या पट्ट्यासाठी ही एलिमिनेटर होती त्याच पट्ट्याच्या लढतीआधी, त्याच प्रेक्षकांसमोर ती झाली. हर्गोविचच्या नावावर जी तिकिटे खपत नव्हती ती खपवण्याचा प्रश्नच उरला नाही. एलिमिनेटर स्वतंत्र कार्यक्रमात न भरवता मोठ्या लढतीच्या सावलीत भरवावी, ही युक्ती जुनीच आहे, पण तिचा इतका चपखल वापर क्वचित दिसतो.

बारा फेऱ्या

पहिल्याच फेरीत झांगचा उजवा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) हर्गोविचच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागला आणि हर्गोविच खाली गेला. कारकिर्दीत प्रथमच तो खाली पाहिला गेला होता. उठल्यावर त्याने बराच काळ अंतर राखले, जॅब लावत राहिला आणि झांगच्या डाव्या हातापासून दूर फिरत राहिला, पण झांगचा उजवा हात आणि मोजके सरळ ठोसे मधल्या फेऱ्यांतही लागत होते. सगळ्यांनी गृहीत धरलेली झांगची दमछाक झाली, पण फॉरेस्टच्या वेळेइतकी नाही. तो थबकत होता, काही फेऱ्यांत हात कमी चालवत होता, तरी उभा होता. अखेर तिन्ही परीक्षकांनी हर्गोविचच्या बाजूने कौल दिला: ११५-११२, ११५-११२ आणि ११४-११३. शेवटच्या आकड्यात फक्त एका गुणाचा फरक आहे. कौल चुकीचा होता असे म्हणणारे तेव्हाही बरेच होते आणि आमच्या वर्गात ती लढत दाखवल्यावर तिथेही दोन तट पडले.

मॅचमेकरच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे आहे ते वेगळेच. हर्गोविचच्या गोटाने ज्या माणसाला अखेर गाठले तो यादीतला सर्वांत सोपा नव्हता. कदाचित नकार देणाऱ्यांपैकी काही त्याच्याहून बरेच सोपे गेले असते. होकार देणाऱ्याला गमावण्यासारखे कमी असते, म्हणूनच तो धोकादायक असतो. नाशिकमधल्या एका प्रशिक्षकांनी यावर आक्षेप घेतला की मग हर्गोविचने आणखी थांबून सोपे नाव शोधायला हवे होते. मला ते पटत नाही. एक तर यादीतले नाव निवडण्याचा अधिकार संस्थेचा आहे, खेळाडूचा नाही. आणि दुसरे असे, की ज्याला वर्षभर कोणी जोड देत नाही त्याने आलेली जोड नाकारली तर त्याच्या तक्रारीला कोणी विचारणार नाही.

लढतीनंतरचा हिशेब

नियमाप्रमाणे हर्गोविच आयबीएफचा अनिवार्य आव्हानवीर झाला. त्याच रात्री उसिकने जोशुआला पुन्हा हरवले. त्यानंतर संस्थांच्या पाळ्या सुरू झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये उसिकने डब्ल्यूबीएच्या आव्हानवीराशी, डॅनियल डुब्वाशी, पोलंडमधल्या व्रोत्सवाफ येथे लढत घेतली. मग सगळ्यांचे लक्ष टायसन फ्युरीशी होणाऱ्या निर्विवाद, म्हणजे चारही पट्ट्यांच्या, जगज्जेतेपदाच्या लढतीकडे वळले आणि ती १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये झाली. या काळात हर्गोविचने डेम्सी मॅकीनला बाराव्या आणि मार्क डी मोरीला पहिल्या फेरीत हरवले. दोन्ही लढतींनी त्याला आणखी वर नेले नाही. शेवटी १ जून २०२४ रोजी रियाधमध्ये आयबीएफच्या अंतरिम (तात्पुरत्या) पट्ट्यासाठी त्याला डुब्वाशी लढावे लागले आणि आठव्या फेरीत लढत थांबवण्यात आली. त्या महिनाअखेर उसिकने आयबीएफचा पट्टा सोडला आणि तो डुब्वाकडे गेला. एलिमिनेटर जिंकूनही हर्गोविच त्या पट्ट्याच्या विजेत्यासमोर कधी उभाच राहिला नाही.

झांगची कथा उलटी आहे. हरलेल्या लढतीने त्याचे नाव झाले. १५ एप्रिल २०२३ रोजी लंडनमध्ये त्याने तेव्हा अपराजित असलेल्या जो जॉयसला सहाव्या फेरीत थांबवून डब्ल्यूबीओचा अंतरिम पट्टा मिळवला आणि त्याच सप्टेंबरात परतीच्या लढतीत तिसऱ्याच फेरीत त्याला बाद केले. मार्च २०२४ मध्ये तो पार्करकडून गुणांवर हरला. तरी हर्गोविच डुब्वाकडून हरला त्याच कार्यक्रमात झांगने डिओंटे वाइल्डरला पाचव्या फेरीत झोपवले. हंटर आणि त्याच्यासारख्या इतरांनी जो जमाखर्च मांडला होता, तो विजेत्याच्या बाबतीत तंतोतंत खरा ठरला आणि पराभूताच्या बाबतीत साफ चुकला.

आमच्या जिल्ह्यातल्या वरच्या वजनगटाला यातून काय घेता येईल, यावर वर्गात बोलणे झाले. एका गोष्टीवर बहुतेकांचे एकमत होते, ते म्हणजे न येणाऱ्या मुलाला भित्रा ठरवून काही साधत नाही. तो हरला तर त्याच्या हातात काहीच पडत नाही: ना दुसरी लढत, ना राज्य शिबिरात सरावाची जागा, ना येण्याजाण्याचा खर्च. हरणाऱ्यालाही सराव शिबिरात सोबतीला नेले, त्याच दिवशी दुसऱ्या तालुक्याच्या मुलाशी एक प्रदर्शनी लढत दिली आणि सिन्नर-मालेगावकडून येणाऱ्याचे बसभाडे आयोजकांनी उचलले, तर निळा कोपरा रिकामा राहण्याचे प्रमाण कमी होईल असे माझे अनुमान आहे. वस्तादांना यात नवे काही वाटले नाही; हरलेल्या पैलवानालाही हातात काही टेकवून पाठवायची रीत जत्रांत पूर्वापार आहे, असे ते म्हणाले. प्रशिक्षकांपैकी काहींना मात्र ही पराभवाला दिलेली बक्षिशी वाटते, आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये मँचेस्टर येथे जो जॉयसची डिलियन व्हाइटशी लढत ठरली होती. दुखापतीमुळे व्हाइट गळाला आणि प्रमोटरांना थोड्या मुदतीत तयार होणारा हेवीवेट हवा होता. होकार दिला तो हर्गोविचने, आणि गुणांवर जिंकलाही तोच.